मालबोर्कचा भुईकोट आणि त्याच्या पायाशी नसलेलं गाव

पोलंडमध्ये ग्दान्स्कहून मालबोर्कला जाताना गाडीत उजव्या हाताची खिडकी धरायची. रेल्वेने अंतर पन्नासेक किलोमीटर. जलद गाडीला अर्धा तास लागतो, थांबत जाणारीला त्याहून थोडा जास्त. त्चेव्हला व्हिस्वा नदी ओलांडली की झुवावीचा सपाट मुलूख लागतो. नदीच्या मुखाजवळची ही जमीन, तिचा काही भाग समुद्रसपाटीच्याही खाली. बांध, चर आणि पंप यांच्या जोरावर ती कोरडी राहते. नजरेला अडवायला एक टेकाड नाही. मग नोगात नदीवरच्या पुलावर गाडी चढते आणि उजवीकडे, पाण्याच्या पलीकडे, लाल विटांचा एक डोंगर उभा राहतो. हे दृश्य जेमतेम अर्धा मिनिट टिकतं. डाव्या बाजूला बसलेल्यांना समोरच्यांच्या पाठी दिसतात.

जलद गाडी थेट मालबोर्क स्टेशनात थांबते. तिथून किल्ला दीडेक किलोमीटर, वाट गावाच्या नव्या भागातून. थांबत जाणाऱ्या गाडीने आलात तर अलीकडच्या काउदोवो थांब्यावर उतरा. हा थांबा नदीच्या पश्चिम काठावर आहे. तिथून चालत आलं की पादचारी पूल लागतो आणि पुलाच्या टोकाला दोन गोल बुरुजांचा जुना पूल-दरवाजा. मुख्य स्टेशनातून येणाऱ्याला हा किल्ला कडेकडेने सापडतो, काउदोवोहून येणाऱ्याला तो एकदम समोर दिसतो. आम्ही हीच वाट धरतो.

पुलावर मधोमध थांबून एक गोष्ट ध्यानात घ्यायची. 1920 ते 1939 या काळात ही नदी म्हणजे सीमा होती. काउदोवो डान्झिग (आजचं ग्दान्स्क) या स्वतंत्र शहर-राज्यात, समोरचा किल्ला जर्मनीत. 1920 च्या सार्वमतात मारिएनबुर्गने, म्हणजे आजच्या मालबोर्कने, जर्मनीतच राहायचा कौल दिला होता. आज आईस्क्रीम खात पलीकडे जाणाऱ्यांना याचा पत्ताही नसतो.

फोटोची घाई मात्र इथे करू नका. किल्ला पूर्व काठावर आहे, त्यामुळे सकाळी सूर्य त्याच्या पाठीमागे असतो. काळी आकृती आणि पांढरं आभाळ, एवढंच हाती लागतं. हा काठ संध्याकाळसाठी राखून ठेवायचा.

सकाळी जायचं ते पूर्वेच्या अंगाला. उंच किल्ल्यातल्या मेरीच्या चर्चची मागची भिंत पूर्वेला तोंड करून आहे आणि तिच्या कोनाड्यात आठ मीटर उंचीची मेरीची मूर्ती उभी आहे, अंगभर काचेच्या रंगीत आणि सोनेरी तुकड्यांनी मढवलेली. मूर्ती चौदाव्या शतकातली, मोझेक तिच्यावर त्याच शतकात नंतर चढवलं. 1945 मध्ये तोफांनी चर्चचा हा भाग उडवला तेव्हा मूर्तीही गेली. आज दिसते ती 2016 मध्ये पूर्ण झालेली प्रतिकृती. सकाळचं ऊन तिच्यावर थेट पडतं आणि सोनेरी तुकडे वेगवेगळ्या कोनात बसवलेले असल्याने आपण चार पावलं सरकलो की चमकही सरकते. दुपारी बारानंतर इथे सावली येते. मग ती नुसती मोठी रंगीत मूर्ती उरते.

आता तिकीट. हंगामात, म्हणजे मे ते सप्टेंबर, ते आधी ऑनलाइन काढलेलं बरं. सोमवारी जाऊ नका. आतली दालनं त्या दिवशी बंद असतात आणि तिकीट मिळालं तरी अंगणं आणि तटांवरच फिरावं लागतं. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, त्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर आदल्या रात्री पाहाव्यात. तिकिटासोबत कानाला लावायचं यंत्र मिळतं. आपण कुठे आहोत हे ओळखून ते आपोआप बोलू लागतं. त्याने सांगितलेल्या दिशेला सोडून भलत्याच दारात शिरलं की गोंधळ होतो, तेव्हा निदान पहिला फेरा त्याच्या तालावर करावा. त्याला तीन ते साडेतीन तास लागतात. पायात सपाट तळव्यांचे जोडे हवेत, फरशी खडबडीत आहे आणि जिने अरुंद. जुलैतही अंगावर काहीतरी गरम असावं. जाड विटांच्या भिंती थंडी धरून ठेवतात.

आपल्याकडच्या शब्दांत सांगायचं तर हा भुईकोट. तीन भाग. बाहेरचा खालचा किल्ला: कोठारं, तबेले, कारखाने. मधला किल्ला: पाहुणे, मेजवान्या, प्रमुखाचा महाल. आणि खंदकापलीकडे उंच किल्ला, म्हणजे बालेकिल्ला, जिथे व्रतस्थ सरदार राहत. किल्ला बांधला तो ट्यूटॉनिक संघाने. हा जर्मन धर्मयोद्ध्यांचा संघ, पांढऱ्या झग्यावर काळा क्रूस. पोलिश लोक त्यांना क्षिझात्सी म्हणतात आणि त्या शब्दात अजूनही कडवटपणा आहे. किल्ल्याचं बांधकाम 1270 च्या दशकात सुरू झालं. 1309 मध्ये झीगफ्रीड फॉन फॉइख्टवांगेन या प्रमुखाने संघाचं मुख्यालय व्हेनिसहून इथे हलवलं आणि एका साध्या ठाण्याची राजधानी झाली. तिन्ही भाग धरून क्षेत्र सुमारे 21 हेक्टर. त्या मोजमापाने हा जगातला सर्वांत मोठा किल्ला गणला जातो. 1997 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

आत शिरल्यावर बहुतेकांची चूक एकच होते. मधल्या किल्ल्यात अंबरचं, म्हणजे दगड बनलेल्या सोनेरी राळेच्या वस्तूंचं, अप्रतिम दालन आहे, त्यातच तासभर जातो, आणि बालेकिल्ल्यात पोचेपर्यंत पाय बोलायला लागलेले असतात. अंबर शेवटी ठेवा. आधी विटा पाहा.

विटा पाहायच्या म्हणजे काय? इथे चार काळांचे हात लागले आहेत आणि ते वेगळे ओळखता आले तर किल्ला बोलू लागतो. मध्ययुगीन वीट आपल्या आजच्या विटेपेक्षा बरीच मोठी: लांबी साधारण 30 सेंटिमीटर, रुंदी 15, जाडी 9 च्या आसपास. एका हाताने उचलवत नाही. साच्यातून हाताने काढलेली असल्याने कडा वाकड्या, रंगही एकसारखा नाही. भट्टीत आगीच्या जवळ राहिलेली वीट जळून काळपट, काचेसारखी चकचकीत होते. गवंड्यांनी या जास्त भाजलेल्या विटा फेकून दिल्या नाहीत. त्यांची आखूड बाजू दर्शनी ठेवून भिंतीवर नागमोडी रेघा आणि चौकटी काढल्या. थोडं तिरकं उभं राहून पाहिलं की त्या स्पष्ट दिसतात. मग थरांची मांडणी. सर्वांत जुन्या भिंतींत दोन विटा लांब बाजूने आणि एक आखूड बाजूने, अशी रांग असते. नंतरच्या बांधकामात एक लांब, एक आखूड. पायात मात्र वीट नाही. तिथे हिमनदीने वाहून आणलेले ग्रॅनाइटचे गोटे आहेत, कारण या मैदानात खाणीचा दगडच नाही. वीट ही हौस नव्हती, दुसरं काही मिळतच नव्हतं.

दुसरा हात प्रशिया या जर्मन राज्याचा, आणि तो तोडणारा. 1772 मध्ये पोलंडच्या पहिल्या फाळणीत मालबोर्क प्रशियाकडे गेलं आणि किल्ल्याची छावणी झाली. मोठ्या भोजनशाळेत सैनिकांची कवायत होई. 1801 ते 1804 मध्ये बालेकिल्ल्यातल्या कमानी छतं पाडून धान्याची कोठारं केली. तरुण वास्तुविशारद फ्रीडरिख गिली 1794 मध्ये इथे येऊन चित्रं काढून गेला होता, ती बर्लिनमध्ये लोकांनी पाहिली. 1803 मध्ये माक्स फॉन शेंकेनडोर्फने वर्तमानपत्रात निषेधाचा लेख लिहिला. पुढच्या वर्षी राजाचा हुकूम आला: पाडापाडी बंद.

तिसरा हात कोनराड श्टाइनब्रेख्टचा. 1882 ते 1922 अशी चाळीस वर्षं त्याने किल्ला पुन्हा बांधला आणि आज आपण जे मध्ययुग म्हणून पाहतो त्यातलं बरंचसं त्याचं आहे. त्याने विटाही जुन्या मापाच्याच घडवल्या, त्यामुळे पट्टी लावून फसगत होते. मापावर जाऊ नका, एकसारखेपणावर जा. जिथे शंभर विटा एकाच रंगाच्या, कडा सरळ, विटांमधल्या दरजा सारख्या जाडीच्या, तिथे एकोणिसावं शतक समजावं. चौथा हात 1945 नंतरचा, तो पूर्वेच्या बाजूला सर्वाधिक. सोव्हिएत तोफा पूर्वेकडून डागत होत्या. चर्च, मुख्य मनोरा, सेंट ॲनचं चॅपल हे सगळं तिकडचं. जवळपास निम्मा किल्ला गेला होता. जुनी वीट कुठे संपते आणि नवी कुठे सुरू होते ती तुटकी रेघ पूर्वेच्या भिंतींवर नुसत्या डोळ्यांनी सापडते.

आता मोठ्या भोजनशाळेत चला. सुमारे 30 मीटर लांब, 15 मीटर रुंद दालन, आणि छताचा सगळा भार तीन सडपातळ ग्रॅनाइटच्या खांबांवर. खांबाच्या माथ्यावरून कमानीच्या शिरा ताडाच्या झावळ्यांसारख्या पसरतात. सगळे वर पाहत असतात, तेव्हा तुम्ही खाली पाहा. फरशीत गोल भोकं आहेत, त्यांना झाकणं. ही तापवण्याची सोय. खाली तळघरात भट्टी, तिच्यावर जाळीसारख्या कमानीत रचलेले दगडगोटे. लाकडं पेटवली की धूर धुराड्याने बाहेर जाई आणि दगड तापत. त्या वेळी वरची झाकणं बंद. आग पूर्ण विझली की धुराडं बंद करायचं, वरची झाकणं उघडायची. मग तळघरातली हवा तापलेल्या दगडांतून फिरून फरशीतून वर येई, कोरडी, गरम, धुराचा वास नसलेली. क्रम चुकला, म्हणजे आग धुमसत असतानाच झाकण काढलं, की सगळी मेजवानी खोकत बाहेर. म्हणून या कामाला जाणता माणूस लागे.

प्रमुखाच्या महालात उन्हाळी भोजनशाळा आहे, एकाच खांबावर तोललेली. 1410 च्या वेढ्यात पोलिश तोफखान्याने तो एक खांब उडवून सगळ्या सरदारांना छताखाली गाडायचा बेत केला, फितुराने खिडकीत खूण बांधून ठेवली, आणि गोळा थोडक्यात चुकला, अशी दंतकथा. भिंतीत बसवलेला गोळा दाखवतात. गोष्ट छान आहे. ती तिथेच सोडून पुढे जावं.

बालेकिल्ल्यात तीन गोष्टी चुकवू नका. पहिली, चर्चचा सोनेरी दरवाजा: तेराव्या शतकाच्या अखेरची भाजलेल्या मातीची नक्षी, दिवे घेतलेल्या शहाण्या आणि वेंधळ्या कुमारिका. 1945 च्या माऱ्यातून तो वाचला, हेच नवल. दुसरी, त्या दारामागचं चर्च. ते 2016 मध्ये पुन्हा उघडलं, आणि डागडुजी करताना युद्धाचे व्रण पूर्ण पुसलेले नाहीत. तिसरी गोष्ट गडकोट हिंडणाऱ्या मराठी माणसाला लगेच कळेल: शौचकूप. इथे त्यासाठी स्वतंत्र बुरूजच आहे, ग्दानिस्को नावाचा. बालेकिल्ल्यापासून दूर, कमानींवर उचललेल्या लांब बंद सज्जाच्या टोकाला. खाली खंदक. तटाबाहेर काढल्याने दुर्गंधी आत येत नसे, आणि शत्रू अगदी आत घुसलाच तर सज्जा तोडून याच बुरुजात शेवटची झुंज देता येई. वाटेत सैतानाची छोटी मूर्ती रस्ता दाखवते. कागदाच्या जागी कोबीची पानं वापरत, असं वाटाडे हमखास सांगतात.

इथवर आलेले नव्वद टक्के लोक परत फिरतात. खरं तर अर्धीच गोष्ट झालेली असते. बालेकिल्ल्याच्या दक्षिणेला बाहेर पडा. 1286 मध्ये सनद मिळालेलं जुनं मालबोर्क इथे होतं. होतं, कारण किल्ल्याने प्रत्येक वेळी स्वतःला वाचवलं आणि किंमत गावाने मोजली.

पहिल्यांदा 1410 मध्ये. 15 जुलैला ग्रुन्वाल्डच्या रणात संघाची सेना कापली गेली, प्रमुख ठार झाला. जिंकलेला पोलंडचा राजा यागिएवो मालबोर्कला पोचायच्या आधी हाइन्रिख फॉन प्लाउएन हा सरदार किल्ल्यात शिरला आणि त्याने स्वतःच्याच गावाला आग लावली, शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून. वेढा 19 सप्टेंबरला उठला. किल्ला पडला नाही, गाव राखेत.

दुसऱ्यांदा जे झालं ते अधिक विचित्र. पुढे पोलंडशी झालेल्या तेरा वर्षांच्या युद्धात संघाकडे भाडोत्री सैनिकांना द्यायला पैसे उरले नाहीत, म्हणून किल्लाच त्यांच्याकडे गहाण टाकला. पगार थकलेलाच राहिला. 1457 मध्ये उलरिख चेर्वोन्काच्या नेतृत्वाखाली या सैनिकांनी किल्ला पोलंडच्या चौथ्या काझिमीरला विकला. इतर ठाण्यांसह किंमत 1,90,000 सोन्याची नाणी. अभेद्य किल्ला तोफेने नाही, थकलेल्या पगाराने पडला. पण त्याच शरद ऋतूत नगराध्यक्ष बार्थोलोमेउस ब्लूमेने गावाचे दरवाजे संघाच्या सैन्याला उघडून दिले. मग जवळपास तीन वर्षं किल्ला पोलंडचा, गाव संघाचं, आणि मध्ये शे-दोनशे पावलं. 1460 च्या ऑगस्टमध्ये गाव शरण आलं आणि ब्लूमेला मृत्युदंड झाला. किल्ल्याला लागून असलेलं सेंट जॉनचं चर्च या लढाईत पडलं. आज दिसतं ते त्यानंतरचं बांधकाम.

तिसरी वेळ 1945 ची. जानेवारीच्या अखेरीपासून 9 मार्चपर्यंत जर्मन तुकडी किल्ल्यात तळ ठोकून होती. गावात वाचली ती थोडीच: नगरभवन, सेंट जॉनचं चर्च, मारियात्स्का आणि गार्न्त्सार्स्का हे दोन वेशीदरवाजे, लॅटिन शाळेचे अवशेष. पुढे अवशेषांतल्या चांगल्या विटा वॉर्सा पुन्हा उभारायला पाठवल्या. 1960 च्या दशकात त्या जागी चारपाच मजली सरकारी इमारती आल्या. पूर्वी इथे पुढे कमानदार ओसरी असलेली घरं दोन रांगांत होती, पावसात न भिजता बाजार करता येई अशी. आज तिथे गाड्या लावतात आणि दोरीवर कपडे वाळतात. वॉर्सातल्या कुठल्या भिंतीत मालबोर्कची वीट आहे, हे आता कुणी सांगू शकत नाही. 2008 मध्ये किल्ल्याजवळ हॉटेलासाठी पाया खणताना सामूहिक दफन सापडलं. दोन हजारांहून जास्त सांगाडे, 1945 मधले, बायका-मुलं धरून. त्यांचं पुढच्या वर्षी दुसरीकडे दफन केलं.

युद्धानंतर जर्मन रहिवासी गेले आणि मध्य पोलंडमधून तसंच पूर्वेच्या गमावलेल्या प्रांतांतून लोक येऊन राहिले. त्याच पूर्वेच्या प्रांतांतून 1940 मध्ये सोव्हिएतांनी हद्दपार केलेल्यांपैकी काही हजार पोलिश लोक पुढे कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत पोचले होते. आपल्याशी असलेला धागा एवढाच, पण खरा आहे.

किल्ल्याचं काय करायचं, हाही तेव्हा प्रश्न होता. जर्मन सत्तेचं प्रतीक म्हणून अनेकांना तो नकोच होता. 1959 मध्ये मधल्या किल्ल्याच्या छपराला आग लागली, ओरड झाली आणि 1 जानेवारी 1961 ला संग्रहालय स्थापन झालं. आज गावाचं सगळं सांस्कृतिक जीवन त्याच्याभोवती फिरतं. जुलैत 1410 च्या वेढ्याचा उत्सव होतो: चिलखतं, घोडे, तोफा, रात्री तटाखाली मोठा प्रयोग. जायचं असेल तर राहण्याची सोय काही महिने आधी करा, नाहीतर ग्दान्स्कहून ये-जा करावी लागते आणि रात्रीची परतीची गाडी आधी तपासावी लागते. ज्यांना विटा पाहायच्या आहेत त्यांनी ते दिवस टाळावेत. नदीकाठच्या उतारावरची लॅटिन शाळा अवशेषांतून पुन्हा उभारून सांस्कृतिक केंद्र केलं आहे. तिथून नोगात छान दिसते आणि गर्दी नसते.

जेवणाचं थोडक्यात. शाकाहारींनी पिएरोगी रुस्किए मागवावेत, बटाटा आणि ताज्या पनीरसारख्या चीजचं सारण भरलेले उकडीचे कानोले. खाचखळगा असा की वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे घालायची पद्धत आहे आणि पदार्थांच्या यादीत ते लिहिलेलं नसतं. मागवतानाच 'बेस स्क्फारेक' म्हणायचं. कांदाही कधी चरबीत परतलेला असतो, म्हणून लोणी घालायला सांगावं, 'झ मास्वेम'. सूप शाकाहारी दिसलं तरी बहुधा मांसाच्या पाण्यात केलेलं असतं.

संध्याकाळी पूल ओलांडून परत पश्चिम काठावर. आता सूर्य आपल्या पाठीशी. उन्हाळ्यात या अक्षांशावर साडेआठ-नवालाही ऊन असतं. डिसेंबरमध्ये मात्र साडेतीनलाच अंधारतं, तेव्हा हा कार्यक्रम दुपारी उरकावा. बाकावर बसून डावीकडून उजवीकडे पाहत जायचं: मोठ्या भोजनशाळेच्या खिडक्या, प्रमुखाचा महाल, बालेकिल्ल्याचा ठोकळा, ग्दानिस्कोच्या कमानी. विटा केशरी, मग तांबड्या, मग जांभळट होतात. नजर अजून उजवीकडे सरकली की सेंट जॉनचं बुटकं चर्च लागतं. त्याच्यापुढे छपरांची रांग असायला हवी तिथे एकदम आभाळ सुरू होतं आणि त्यात करड्या इमारतींचे सपाट माथे.

काउदोवोचा थांबा इथून दहा-पंधरा मिनिटांवर आहे. सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत. शेवटची थांबणारी कोणती ते सकाळीच पाहून ठेवावं.